निलगिरीचं जळण: आधी फोडा, मग सुकवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: निलगिरीची जाड झाडं पाडली, ओंडके वर्षभर सुकायला ठेवले, आणि आता त्यांच्यावर कुऱ्हाड उसळते, पाचर रुतून बसते. चूक कुठे झाली, आणि उरलेली झाडं जळणासाठी कशी कापावी, कशी फोडावी?

चूक क्रमात झाली. पुष्कळ लाकडांना आधी सुकवून मग फोडलं तरी चालतं. निलगिरीला ते चालत नाही. ओंडका कापला त्याच दिवशी फोडणं सर्वांत चांगलं, फार तर दोन आठवड्यांच्या आत. त्यानंतर आठवड्यागणिक मेहनत वाढत जाते, आणि वर्षभरानंतर जाड ओंडका हाताने फोडणं जवळजवळ वाया जाणारं काम ठरतं.

याचं कारण लाकडाच्या रचनेत आहे. बहुतेक निलगिरींचे तंतू सरळ उभे जात नाहीत. वाढीच्या काही थरांत ते उजवीकडे कलतात, पुढच्या थरांत डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. सालीपासून गाभ्याकडे चीर पाडायला गेलं की तिला हे सगळे थर ओलांडावे लागतात. प्रत्येक थर तिला वेगळ्या बाजूला ओढतो आणि दोन्हीकडचे तंतू एकमेकांना धरून ठेवतात. लाकूड ओलं असतं तेव्हा तंतूंच्या भिंती मऊ असतात, त्यामुळे घाव बसला की ते सुटतात. पाणी गेलं की त्याच भिंती कडक होतात आणि लाकडाचा कठीणपणा बराच वाढतो.

दुसरी गोष्ट अंतर्गत ताणाची. उभ्या झाडाच्या खोडात बाहेरचा भाग लांबीच्या दिशेने ताणलेला असतो आणि आतला गाभा दाबलेला. निलगिरीत हा ताण इतर बहुतेक झाडांपेक्षा जास्त असतो. खोड आडवं कापलं की तो मोकळा होतो आणि कापलेल्या तोंडावर गाभ्यापासून बाहेर जाणाऱ्या चिरा उमटतात, कधी काही मिनिटांत, कधी मोठा आवाज करून. फळ्या काढणाऱ्याला या चिरा नकोशा वाटतात. जळण फोडणाऱ्याला त्या फुकट मिळालेली मदत आहेत: पाचर कुठे ठोकायची ते ओंडकाच सांगतो. मात्र हाच ताण झाड पाडताना आणि तुकडे करताना माणसाला इजा करू शकतो, म्हणून त्याकडे आधी पाहू.

झाड पाडण्याचं संपूर्ण तंत्र इथे देत नाही. चेनसॉचा सराव नसेल तर जाड निलगिरी स्वतः पाडू नका. निलगिरीपुरतं सांगायचं तर, एका बाजूला झुकलेलं झाड नेहमीच्या पद्धतीने मागून कापत गेलं तर काप पूर्ण होण्याआधीच खोड उभं चिरत वर जातं आणि चिरलेला भाग कापणाऱ्याच्या दिशेने झटक्यात मागे येतो. हे टाळण्यासाठी पुढची, म्हणजे झाड पडणार त्या बाजूची, खाच खोल घेत नाहीत, खोडाच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकीच घेतात. मग बारचं (करवतीच्या ज्या लांब पट्टीभोवती चेन फिरते तिचं) टोक खोडातून आरपार घालून आधी बिजागरीचा पट्टा, म्हणजे खाचेमागे न कापता ठेवलेलं आणि पडताना झाडाला धरून वळवणारं लाकूड, पक्का करतात, मागच्या कडेला थोडं लाकूड धरून ठेवतात आणि ते सगळ्यात शेवटी तोडतात. बिजागरीची जाडी खोडाच्या व्यासाच्या सुमारे दहाव्या भागाइतकी असावी. वर वाळक्या किंवा अर्धवट तुटून अडकलेल्या फांद्या आहेत का, ते सुरुवातीलाच नीट पाहा. निलगिरी फांद्या अचानक टाकते, आणि खोडाला हादरा बसला की त्या सरळ खाली येतात.

खुंटातून पुन्हा फुटवे यायला हवे असतील तर तो जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटरवर, थोडा तिरका आणि स्वच्छ कापा, म्हणजे पाणी साचणार नाही. खुंटाची साल फाटू देऊ नका, कारण फुटवे सालीखालच्या डोळ्यांतून येतात. पुढे त्यांतले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे काढून टाका.

आता आडव्या खोडाचे तुकडे. खोड कुठे टेकलं आहे यावरून काप कुठून सुरू करायचा ते ठरतं. दोन्ही टोकं टेकलेली आणि मध्य अधांतरी असेल तर वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. अशा वेळी वरून जाडीच्या एक तृतीयांश कापा, मग खालून वर येऊन काप जुळवा. टोक अधांतरी लोंबत असेल तर उलट: आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. नियम एकच आहे, दाबलेल्या बाजूने सुरुवात आणि ताणलेल्या बाजूने शेवट. उलटं केलं तर बार दाबात अडकतो किंवा खोड चिरत जातं. खोड सगळीकडे जमिनीला टेकलेलं असेल तर प्रत्येक ठिकाणी तीन चतुर्थांश कापून घ्या, मग खोड फिरवा आणि उरलेलं कापा. चेन मातीला लागता कामा नये. एकदा जरी लागली तरी धार गेली असं समजा. काप मिटू लागला तर त्यात प्लास्टिकची पाचर घाला. लोखंडी पाचर चेनजवळ नको. उतारावर काम करताना नेहमी खोडाच्या वरच्या अंगाला उभं राहा. बारच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही लागला की करवत उसळून अंगावर येते, म्हणून त्या टोकाकडे सतत लक्ष हवं. चेन-ब्रेक चालतो का, ते काम सुरू करण्याआधी तपासा. हेल्मेट, चष्मा, कानांचं संरक्षण, पायांसाठी चेन अडवणारं कापड आणि जाड बूट, यांतलं काहीही वगळण्यासारखं नाही.

धारेबद्दल थोडं सविस्तर, कारण निलगिरीत ती लवकर जाते. साल धूळ आणि वाळू धरून ठेवते, आणि खरा शत्रू तीच माती. कापण्याच्या जागेवरची साल कुऱ्हाडीने आधी खरवडून काढली तरी फरक पडतो. भुसा बारीक पिठासारखा पडू लागला, किंवा करवत आत जायला जोर लावावा लागला, की थांबून धार लावा. जोर लावत राहिलात तर बार तापतो आणि चेन ताणली जाते. ०.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते, ३/८ इंचाच्या बुटक्या चेनला ४ मिलिमीटरची. धारेचा कोन साधारण ३० अंश ठेवतात. सुकलेल्या कठीण लाकडासाठी २५ अंश ठेवला तर धार जास्त टिकते. सगळ्या दातांना सारख्याच वेळा कानस फिरवा. एका बाजूचे दात लांब राहिले की काप वाकडा जातो. दातापुढचा खोली ठरवणारा उंचवटा दाताच्या धारेपेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली असावा. तो जास्त घासला तर कठीण लाकडात करवत धक्के देते आणि उसळण्याचा धोका वाढतो.

तुकड्याची लांबी किती ठेवावी? चूल किंवा शेगडी घेईल त्याहून ५ सेंटीमीटर कमी, हा साधा हिशेब. पण निलगिरीत आणखी आखूड कापलं तर फोडणं किती सोपं जातं, हे आधी कळत नाही. पीळ असलेल्या लाकडात लांबी वाढली की चिरेला ओलांडावे लागणारे तंतू वाढतात. लाकूड वाकडंतिकडं आहे असं दिसलं तर ४० ऐवजी २५ ते ३० सेंटीमीटरचे तुकडे करा. करवतीचं काम थोडं वाढतं, पण घणाचं त्याहून जास्त वाचतं. साल काढलेल्या खोडावरच्या बारीक चिरा पाहिल्या की पीळ ओळखू येतो. त्या खोडाच्या अक्षाला तिरक्या असतील तर लाकूड तसंच तिरकं फुटणार. फांद्यांचे जोड वेगळे काढा. गाठ ओंडक्याच्या मधोमध येईल असं कापू नका. ती एका टोकाला येऊ द्या किंवा तेवढाच १५-२० सेंटीमीटरचा तुकडा अलग करा आणि तो न फोडता जाळायला ठेवा.

वजनाचा अंदाज आधी घ्या. ओल्या निलगिरीचा एक घनमीटर साधारण १००० ते १२०० किलो भरतो. म्हणजे ५० सेंटीमीटर जाड आणि ४० सेंटीमीटर लांब असा एक तुकडा ८५ किलोच्या आसपास जातो. असे तुकडे उचलून अडण्यावर, म्हणजे फोडताना खाली घ्यायच्या ठोकळ्यावर, ठेवायचे नसतात. जिथे पडले तिथेच त्यांच्या कडा उतरवायच्या आणि आटोपशीर झालेला भाग मग हलवायचा.

फोडण्यासाठी जाड पात्याची अडीच ते साडेतीन किलोची कुऱ्हाड, दोन किंवा तीन लोखंडी पाचरी, चार-पाच किलोचा घण आणि एक लहान धारदार कुऱ्हाड एवढं लागतं. बारीक धारेची पातळ कुऱ्हाड या लाकडात फक्त रुतते. ती फांद्यांसाठी ठेवा. अडणा ३० ते ४० सेंटीमीटर उंच असावा, म्हणजे घाव चुकला तरी पातं पायावर न येता अडण्यात जातं.

आता मुख्य मुद्दा: जाड निलगिरीच्या मध्यावर पहिला घाव घालू नका. कडेने सुरू करा. सालीपासून ७ ते १० सेंटीमीटर आत, वाढीच्या वर्तुळाला समांतर असा घाव घाला, म्हणजे बाहेरची एक ढलपी सुटेल. मग ओंडक्याभोवती फिरत पुढची, त्याच्या पुढची. बाहेरचा फेरा संपला की आतला घ्या. शेवटी १५-२० सेंटीमीटरचा गाभा उरतो, तो दोन-तीन घावांत फुटतो. याचं कारण वर दिलेल्या तंतूंच्या रचनेतच आहे. गाभ्याकडे जाणारी चीर उजवे-डावे थर ओलांडते, पण वर्तुळाला समांतर चीर त्या थरांच्या मधूनच जाते. तिथे सगळे तंतू एकाच बाजूला कललेले असतात आणि एकमेकांत गुंततही नाहीत. ही एक सवय लागली की निलगिरीबद्दलच्या निम्म्या तक्रारी संपतात.

२५ सेंटीमीटरपर्यंतच्या तुकड्यात किंवा तोंडावर मोठी नैसर्गिक चीर पडली असेल तेव्हा मधून फोडायला हरकत नाही. तेव्हा पातं चिरेच्या रेषेतच, आणि तेही कडेजवळ मारा. गाठ असेल तर ती खाली येईल असा ओंडका उभा करा आणि वरच्या स्वच्छ तोंडावर घाव घाला.

पाचर ओल्या लाकडातून कधी कधी उसळून बाहेर येते. आधी कुऱ्हाडीने एक खोबण पाडा, पाचर त्यात उभी करा, चार-पाच हलके ठोके देऊन बसवा आणि मगच पूर्ण ताकद लावा. चीर उघडली की दुसरी पाचर तिच्या पुढच्या भागात घाला, पहिली सैल होईल, ती काढून आणखी पुढे. शेवटी दोन्ही भागांना जोडणारे चिवट तंतू उरतात. ते हाताने ओढत बसू नका, लहान कुऱ्हाडीने छेदा. उघडलेल्या चिरेत बोटं कधीही घालू नका, कारण पाचर उसळली तर चीर त्याच क्षणी मिटते. पाचरीचं डोकं ठोकून ठोकून पसरलं असेल तर त्या कडा घासून काढा. त्यांचे तुकडे उडून डोळ्यात जातात. कुऱ्हाडीच्या डोक्यावर घण मारू नका. पातं अडकलं तर ते पाचर घालून सोडवा.

हायड्रॉलिक स्प्लिटर वापरायचं असेल तर ४० सेंटीमीटरवरच्या ओंडक्यांसाठी २० टनांहून कमी ताकदीचं यंत्र अपुरं पडतं. चार पात्यांची पाचर निलगिरीत लावू नका. एकाच वेळी चारही दिशांना तंतू तोडायला ताकद पुरत नाही आणि ओंडका अडकून बसतो. इथेही कडेपासूनच सुरुवात करा. उभ्या स्थितीत चालणारं यंत्र असेल तर जड ओंडके उचलण्याचे कष्ट वाचतात. ताणाखालचे तुकडे बाजूला उडतात, म्हणून यंत्राच्या दोन्ही अंगांना कोणी उभं राहू नये.

तुमच्याकडे आधीच सुकलेल्या ओंडक्यांची रास आहे, तिच्यासाठी वेगळा उपाय. कुऱ्हाड बाजूला ठेवा. ओंडका सालीच्या अंगावर आडवा निजवा, दोन्ही बाजूंनी लाकडाचे तुकडे लावून घट्ट अडवा, आणि चेनसॉचा बार ओंडक्याच्या लांबीला समांतर धरून वरून कापत जा. भुशाऐवजी लांब, कुरळ्या सळ्या निघतील. त्या चेनच्या झाकणात अडकतात, म्हणून मधूनमधून यंत्र बंद करून साफ करा. तीन चतुर्थांश खोल काप झाला की थांबा, ओंडका उभा करा आणि त्या कापात पाचर ठोका. उरलेलं लाकूड फुटतं. अर्ध्या झालेल्या तुकड्यांच्या कडा मग बहुधा कुऱ्हाडीलाही दाद देतात. दुसरा मार्ग म्हणजे लांबी निम्मी करून टाकणं: ४० सेंटीमीटरच्या तुकड्याचे २०-२० चे दोन. सुकलेले ओंडके पाण्यात भिजत घालण्याचा सल्ला मिळाला तर तो सोडून द्या. पाणी गाभ्यापर्यंत पोचायला फार काळ लागतो आणि तुमचं सुकवण वाया जातं.

पाडलेलं झाड लगेच फोडायला वेळच नसेल तर त्याचे बारीक तुकडे करू नका. खोड शक्य तितकं लांब, सावलीत, जमिनीपासून उचलून ठेवा. पाणी मुख्यतः कापलेल्या तोंडांतून जातं, तोंडं कमी म्हणजे सुकणं हळू. पण साल ठेवली तर एक धोका येतो. फोराकांथा जातीचे लांब मिशांचे भुंगेरे ताज्या तोडलेल्या निलगिरीच्या सालीत अंडी घालतात आणि अळ्या सालीखाली बोगदे करतात. ऑस्ट्रेलियातले हे कीटक निलगिरीबरोबर अनेक देशांत पोचले आहेत. आसपास उभी निलगिरी असेल तर सालीसकट रास महिनोन् महिने ठेवू नका, आणि तसं लाकूड दुसऱ्या भागात नेऊही नका. साल तोडल्यापासून पहिल्या काही दिवसांत पट्टीसारखी सोलून निघते, विशेषतः झाड वाढीच्या हंगामात तोडलं असेल तर. सुकल्यावर ती लाकडाला घट्ट चिकटते.

निलगिरीच्या सगळ्या जाती सारख्या नसतात. ग्रँडिस तुलनेने हलकी आणि सरळ, ती सहज फुटते. ग्लोब्युलस आणि कमाल्डुलेन्सिस जड, पिळाच्या आणि चिवट. रेग्नन्स आणि ऑब्लिका इतक्या सरळ फुटतात की ऑस्ट्रेलियात त्यांच्या हाताने फोडलेल्या पट्ट्या कुंपणांना वापरल्या गेल्या. लागवडीतली कोवळी, १०-१५ सेंटीमीटरची झाडं कोणतीही असोत, ताजी असताना कुऱ्हाडीला जड जात नाहीत. १० सेंटीमीटरखालचे तुकडे साल काढून न फोडता ठेवले तरी चालतात.

सुकवण्यात घाई चालत नाही. चिरफळ्या ८ ते १५ सेंटीमीटर जाडीच्या ठेवा. खाली दोन आडवे वासे टाकून थप्पी जमिनीपासून १०-१५ सेंटीमीटर वर उचला, वाऱ्याच्या दिशेने एकेरी रचा, दोन थप्प्यांत हातभर अंतर ठेवा. वरून झाका, बाजू उघड्या राहू द्या. ताडपत्री जमिनीपर्यंत सोडली तर आतली दमट हवा बाहेर पडत नाही आणि लाकडावर बुरशी धरते. पातळ चिरफळ्यांना कोरड्या हवेत सहा महिने ते एक वर्ष पुरतं, जड जातींच्या जाड तुकड्यांना दीड ते दोन वर्षंही लागतात.

सुकलं की नाही हे तोंडावरच्या चिरांवरून ठरवू नका. निलगिरीत त्या पहिल्याच दिवशी पडतात. खात्रीचा उपाय वजनाचा. थप्पीच्या वेगवेगळ्या जागांवरच्या चार-पाच चिरफळ्यांवर खूण करा, ओलं असतानाचं वजन लिहून ठेवा, आणि दर महिन्याला पुन्हा तोला. मध्यम घनतेच्या ओल्या निलगिरीत कोरड्या लाकडाच्या वजनाच्या ८० ते १०० टक्के पाणी असू शकतं. ते ९० टक्के धरलं तर २० टक्के ओलाव्यापर्यंत येताना ५.७ किलोची चिरफळी ३.६ किलोवर उतरते. फार घन जातीत सुरुवातीलाच पाणी कमी असतं, म्हणून वजन इतकं उतरणार नाही. तिथे सलग दोन महिने वजन स्थिर राहणं हीच खूण. ओलावामापक वापरायचा तर चिरफळी पुन्हा फोडा आणि आतल्या ताज्या पृष्ठभागावर, मधोमध सुया टोचा. बाहेरचा आकडा दिशाभूल करतो, आणि ३० टक्क्यांच्या वरचा आकडा कुठल्याच सुईच्या मापकावर विश्वासार्ह नसतो.

निलगिरीत तेल असल्यामुळे ती ओलीही जळते, हा समज खोटा आहे. तेल मुख्यतः पानांत असतं. ओल्या लाकडातली उष्णता आधी पाण्याची वाफ करण्यात जाते. टोकांना फेस येतो, धूर होतो आणि धुराड्यात काजळी-डांबराचा थर बसतो, जो पुढे पेट घेऊ शकतो. वाळकी पानं मात्र भडकून पेटतात. ती थप्पीपासून दूर ठेवा आणि बंद शेगडीत मूठभराहून जास्त घालू नका.

नीट सुकलेली निलगिरी हळू पेटते आणि मग बराच वेळ, जोरात जळते. किलोमागे तिची उष्णता इतर लाकडांएवढीच असते, पण घनता जास्त असल्यामुळे तेवढ्याच आकारमानात जास्त जळण भरतं. म्हणून सुरुवात हलक्या लाकडाच्या काड्यांनी करा, त्यावर ३-४ सेंटीमीटरच्या निलगिरीच्या चिरफळ्या घाला, निखारे धरले की मोठे तुकडे एकेक करून द्या. बंद शेगडी एकदम भरून हवा पूर्ण उघडी ठेवली तर जाळी आणि पत्रा वाकण्याइतकी धग होते. दोन-तीन तुकडे घालून, ज्वाळा स्थिर झाल्यावर हवा कमी करा आणि पुढचा तुकडा आधीचा निखाऱ्यावर आल्यावरच घाला.